स्टेअरिंगच्या नळीतला बोळा

आमची गाडी थोरल्या काकांनी दिलेली होती. विकलेली नव्हे, दिलेली. हा शब्द आमच्या घरात इतक्या वेळा बोलला गेला की पुढं पुढं तो नुसता कानावर पडला तरी मी उठून दुसऱ्या खोलीत जायचे.

थोरले काका म्हणजे माझ्या वडिलांचे, अण्णांचे, मोठे भाऊ. कोल्हापुरात शाहूपुरीत त्यांचा गुळाचा व्यापार होता. गुळाचा चिकटपणा हाताला राहतो म्हणून असेल किंवा मुळातच स्वभाव असेल, पण त्यांचं हात धुणं कधी संपायचं नाही. बाहेरून आले की हात धुवायचे, कुणाच्या हातात हात दिला की धुवायचे, आमच्या घरी आले तर दाराची कडीसुद्धा रुमालानं धरायचे. पाणी प्यायचे ते तांब्या उंच धरून, वरून. कपडे परीटघडीचे, पांढरेशुभ्र. नातेवाइकांत त्यांच्या स्वच्छतेचं फार कौतुक होतं. अण्णा एका सहकारी संस्थेत कारकून. दोघं भाऊ शेजारी उभे राहिले की अण्णांची मान आपोआप थोडी खाली जायची आणि खांदे आत वळायचे. लहानपणी मला ते दिसायचं नाही. कळायला लागल्यावर मात्र दिसलं, आणि मग ते दिसायचं काही थांबेना.

नव्वदीची मधली वर्षं सरत आली होती. काकांनी नवी छोटी गाडी घेतली आणि जुनी आम्हाला दिली. गोलसर बोनेटची, मूळची पांढरी पण आता मातकट झालेली, गिअरचा दांडा स्टेअरिंगलाच असलेली. दिली ती गल्लीतल्या सगळ्यांच्या देखत. बोनेटवर हार, चाकाखाली नारळ, पेढे. काका मोठ्यानं म्हणाले, "भाऊ सायकलीवर फिरतोय, ते माझ्यानं बघवत न्हाय." बायकांनी डोळ्यांना पदर लावले. अण्णांनी तिथंच, रस्त्यात, वाकून त्यांच्या पायांना हात लावला. काकांनी आशीर्वाद दिला आणि मग आमच्या नळावर जाऊन हात धुतले.

अण्णांना गाडी चालवायची भीती वाटायची. एकदा शिकायचा प्रयत्न करून त्यांनी सोडून दिलं होतं. म्हणून गाडी माझ्या वाट्याला आली. मी डिप्लोमा करून एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तपासणी विभागात लागले होते. लेथवरून उतरलेले तुकडे मोजायचे, बसणार की नाही ते ठरवायचं, नसेल तर परत पाठवायचं, असं माझं काम. दिवसभर केसाएवढा फरक शोधून संध्याकाळी घरी यायचं आणि त्या गाडीत बसायचं.

त्या गाडीचं स्टेअरिंग हातात डुलायचं. वर ओढलं की वर यायचं, दाबलं की खाली जायचं, वळणावर एका अंगाला कलंडून कट् असा आवाज करायचं. त्याच्या मधल्या दांड्याला वरच्या टोकाला धरून ठेवायला एक बेअरिंग असतं. ते झिजलंय हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं. मी अण्णांना म्हटलं, "हे खोलून बघायला पाहिजे."

"जुन्या गाडीला एवढं चालायचंच," अण्णा म्हणाले.

"एवढं नाही चालत. बेअरिंग बदलायला पाहिजे."

"दादाला वाईट वाटंल गं. दिलेल्या वस्तूत खोट काढल्यागत हुतंय ते."

मी एकदा काकांनाच सरळ विचारलं. ते अंगणात उभे होते. त्यांनी माझ्याकडं न बघता मोठ्या कौतुकानं बोनेटकडं बघितलं. "पोरींचं असंच असतंय. घट्ट धरत्यात. हलक्या हातानं धर, मग डुलत न्हाय." शेजारी अण्णा हसले. विनोद झाला की हसायचं असतं, तसे.

गाडीला एक वासही होता. ओलं चामडं कोंडून ठेवल्यासारखा, त्यात जुन्या ग्रीसचा. उन्हात गाडी तापली की तो वर यायचा आणि घशाला चिकटायचा. आईनं सीटखाली बघितलं, पायाखालचे गालिचे धुतले, कोपऱ्याकोपऱ्यात डांबरगोळ्या ठेवल्या. मग चामड्याचा आणि डांबरगोळ्यांचा असा दुहेरी वास यायला लागला.

पौर्णिमेला आम्ही नृसिंहवाडीला जायचो. काकांची नवी गाडी पुढं, आमची मागं. मोठ्या काकींचं आणि आईचं चांगलं जमायचं. परतताना काकी आमच्या गाडीकडं यायच्या, दोघींना बोलत यायचं असायचं. एकदा त्यांनी दार उघडून पाय आत ठेवला, तेवढ्यात काका लांबूनच ओरडले, "तिकडं न्हाय! हिकडं बस."

"बसते की हितंच. गप्पा मारत जातो आमी."

"सांगितलं न्हवं, हिकडं ये म्हणून."

काकी पाय काढून गेल्या. असं पुन्हा पुन्हा झालं. त्यांच्या मुलांनाही ते आमच्या गाडीत बसू द्यायचे नाहीत आणि स्वतः तर गाडी दिल्यापासून एकदाही तिच्यात बसले नाहीत. आईनं ते मनाला लावून घेतलं. "आपल्या गाडीचा वास येतोय त्यास्नी," ती म्हणायची आणि घरी आल्यावर पुन्हा गालिचे धुवायला काढायची. मलाही वाटायचं, हा सगळा त्यांच्या सोवळेपणाचा भाग. दिलेल्या वस्तूला पुन्हा शिवायचं नाही, असलं काहीतरी.

त्या वर्षी भर पावसाळ्यात आई आणि मी राधानगरीकडं तिच्या माहेरी गेलो होतो. मामांनी घरच्या तांदळाची पिशवी दिली, ती आईनं मांडीवर घेतली. ती नेहमी पुढं, माझ्या शेजारीच बसायची. पाऊस दोन्ही बाजूंनी मारत होता, काचेवरचा वायपर जेमतेम चालत होता. एका वळणावर समोरून दुधाचा टेम्पो आला. मी स्टेअरिंग डावीकडं घेतलं. ते फिरलं. मग गाडी सरळ करायला उजवीकडं घ्यायला गेले तर ते फिरेचना.

आत काहीतरी दांड्याला गुंडाळलं गेलं होतं. मला हातात ते कळत होतं, चिंधी आडवी आल्यावर शिवणयंत्र अडतं तसं. मी दोन्ही हातांनी ओढलं, उभी राहिल्यासारखी होऊन ओढलं. फाटल्यासारखा आवाज झाला आणि स्टेअरिंग एकदम सुटलं, पण तोवर गाडी रस्ता सोडून भाताच्या खाचरात उतरली होती. नाक चिखलात गेलं आणि आईचं तोंड समोरच्या फळीवर आपटलं.

तिचा ओठ फाटला होता आणि पुढचा दात तुटला होता. पिशवी फुटून तांदूळ सगळीकडं झाला होता. ती ओरडली नाही. तोंडावर पदर दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं मांडीवरचे तांदूळ गोळा करत बसली. मी "आई, आई" करत होते आणि ती मान हलवत तांदूळच गोळा करत होती.

टेम्पोवाला उतरून धावत आला. "काय वो ताई, झोप लागलती काय?"

"स्टेअरिंग अडकलं."

त्याच्या मागून आलेला एकजण म्हणाला, "बायकांच्या हातात गाडी दिल्यावर असंच की."

त्याच माणसानं नंतर आईला हाताला धरून चिखलातून बाहेर काढलं, हेही सांगायला पाहिजे. टेम्पोतल्या कॅनवर बसून आम्ही जवळच्या गावातल्या डॉक्टरकडं गेलो. त्यांनी ओठाला टाके घातले. मिळेल त्या गाडीनं आम्ही कोल्हापूरला पोचलो तेव्हा अण्णा दारातच उभे होते. आईचं तोंड बघून ते पुढं आले. मी म्हटलं, "स्टेअरिंग अडकलं."

ते ऐकल्यावर ते मटकन पायरीवर बसले. मला वाटलं, काळजीनं. मीच त्यांना पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून आणायची ठरली, तेव्हा ते म्हणाले, "घरी आणून लावूया. खोलायच्या आधी दादाला विचारू."

"त्यात दादाला काय विचारायचं?"

ते पेपर उचलून वाचायला लागले. मी गाडी सरळ उद्यमनगरात एका गॅरेजला नेऊन लावली.

गॅरेजवाला मिस्त्री जाडजूड, मोठ्या आवाजाचा होता. त्याचा गाल गुटख्यानं कायम फुगलेला. दर दोन वाक्यांनंतर तो भिंतीच्या कोपऱ्यात पिचकारी मारायचा. तो कोपरा खालपासून कमरेपर्यंत लाल-काळा झाला होता आणि त्याच्याच खाली त्याची पाण्याची कळशी ठेवलेली होती. मी एक स्टूल घेऊन त्या कोपऱ्याकडं पाठ करून बसले. घरी जाऊन ये म्हणाला तरी उठले नाही.

त्यानं हॉर्नचं बटण काढलं, मधला नट सोडला, स्टेअरिंगचं चाक उपसून बाजूला ठेवलं. मग मधला दांडा ज्या नळीतून खाली जातो तिच्या तोंडात बघून म्हणाला, "आयला! बेअरिंगच न्हाय की हितं."

"नाही म्हणजे?"

"न्हाय म्हंजे न्हाय. हे बघा."

मी उठून वाकले. जिथं चकचकीत पोलादी कडं आणि त्यात गोट्या असायला हव्यात, तिथं काळं, केसाळ काहीतरी होतं. मिस्त्रीनं तारेचा आकडा करून ते ओढायला सुरुवात केली. आधी सुतळी आली, ग्रीसमध्ये भिजलेली, दांड्याला वेटोळे घालून बसलेली. मग गोणपाटाच्या चिंध्या. मग चामड्याची एक रुंद पट्टी, जुन्या चपलेच्या तळाची असावी, कडेचे शिवणीचे दोरे अजून दिसत होते. कुजून ती मऊ झाली होती आणि बोटानं दाबली की आतून पिवळट पाणी यायचं. त्या सगळ्यात झुरळांची अंडी होती, उंदराचे केस होते. बाहेर आल्याबरोबर तो वास असा उसळला की मिस्त्रीसुद्धा मागं सरला. हाच वास आई वर्षभर गालिच्यांतून धुऊन काढत होती.

मला ओकारी आली. मी बाहेर गटाराशी जाऊन आले आणि परत तिथंच उभी राहिले.

"लई डोकं लावलंय गड्यानं," मिस्त्री हसत म्हणाला. "चामडं घालून वर सुतळी आवळली, वरनं ग्रीस थापलं. विकणाऱ्याचं काम हाय हे. गिऱ्हाइकानं हलवून बघितलं तर घट्ट लागतंय. थोडे दिवस."

"आणि मग?"

"मग काय? ज्याची गाडी त्याचं नशीब." पिचकारी मारून तो पुढं म्हणाला, "ह्या गाडीचं बेअरिंग आता सहजासहजी घावत न्हाय बघा. मी नायलॉनचा तुकडा बसवून देतो, कुणाला कळणार न्हाय."

त्याला त्यात काही गैर वाटत नव्हतं. कुणाला कळणार नाही, हीच त्याची कामाची व्याख्या होती. "बेअरिंग मी आणते, तोवर काही घालू नका," मी म्हटलं. तो बोळा मी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळला आणि रिक्षानं थेट काकांच्या घरी गेले.

काका पुढच्या सोप्यात झोपाळ्यावर बसले होते. मी पुडकं त्यांच्यासमोर जमिनीवर ठेवून उघडलं.

"अगं अगं अगं! फरशीवर नको! डाग पडंल," ते ओरडले. पाय वर घेतले. "खाली आणखी पेपर घाल. आणलंस काय हे? घाण!"

"तुम्ही दिलेल्या गाडीत होतं. बेअरिंगच्या जागी."

मला वाटलं होतं, ते चकित होतील, कुणा मिस्त्रीला शिव्या देतील. तसं झालं असतं तर मी त्यांच्यावर विश्वास ठेवलाही असता. पण ते त्रासिक झाले. माशी हाकलावी तसा हात हलवून म्हणाले, "बेअरिंग मिळंना तवा. तात्पुरतं केलतं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"माझ्या गाडीचं मला म्हाईत नसणार?"

"आणि तीच गाडी आम्हाला दिलीत. आईचा दात तुटलाय, ओठाला टाके पडलेत. बघायला तरी आलात का?"

"फुकट दिलेल्या गाडीचा दात मोजायला आलीस व्हय?" मग काहीतरी आठवल्यासारखं, जवळजवळ सुटल्यासारखं करून ते म्हणाले, "आणि मला काय विचारतीस? तुझ्या बापाला विचार. चामडं घातलं तवा तो माझ्या संगंच उभा हुता की. त्याला सगळं ठावं हाय."

आतल्या दारात काकी उभ्या होत्या. कधी आल्या होत्या कोण जाणे. त्यांनी खालच्या पुडक्याकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. फार हळू आवाजात म्हणाल्या, "म्हणून मला त्या गाडीत बसू दिलं न्हाईसा, व्हय?"

काका उठले आणि आत हात धुवायला गेले. त्यांनी त्या पुडक्याला बोटही लावलेलं नव्हतं. आतून पाण्याचा आवाज येत राहिला, साबणाची वडी ठेवल्याचा आवाज आला, पुन्हा पाण्याचा. मी आणि काकी तो ऐकत उभ्या राहिलो. काकींनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी पुडकं तिथंच, फरशीवर, उघडं ठेवून निघाले.

घरी आले तेव्हा जेवणं चालू होती. आई मऊ भात चमच्यानं ओठाच्या एका कोपऱ्यातून आत घालत होती. अण्णा समोर बसलेले. मी हातही न धुता उभ्या उभ्या विचारलं, "अण्णा, ते चामडं घालताना तुम्ही तिथं होता?"

त्यांचा हात ताटातच थांबला. ते खोटं बोलले नाहीत. बोलले असते तर कदाचित बरं झालं असतं.

"तवा दादाची गाडी हुती ती," ते म्हणाले. "मला काय ठावं, आपल्याकडं येणार म्हणून."

"आली तेव्हा?"

"आली तवा... हारतुरे, सगळी गल्ली गोळा झालेली. त्याच्या तोंडावर कसं म्हणायचं? थोरला भाऊ हाय."

"नंतर? मी किती वेळा म्हटलं, स्टेअरिंग डुलतंय. खोलूया म्हटलं. तुम्ही म्हणालात, चालायचंच."

"तू हळू चालवतीस," अण्णा म्हणाले. "मला वाटलं, तू हळू चालवतीस, काय हुत न्हाय."

मला त्यांचा राग आला नाही. राग आला असता तर ओरडून मोकळी झाले असते. मला किळस आली. भात कालवलेली त्यांची बोटं, कानावरचे पांढरे केस, सदऱ्याचं वरचं बटण नीट लावलेलं, हे सगळं लहानपणापासून माझं असलेलं मला एकदम नकोसं झालं. काकांचं मी समजू शकत होते. तो माणूस घाण दुसऱ्याच्या अंगणात टाकून हात धुणारा होता. पण ह्यांनी ती आपल्या अंगणात ठेवून घेतली होती, वर हार घातला होता आणि आम्हाला तिच्यात बसवून रोज दारात उभं राहून हात हलवला होता.

आईनं चमचा खाली ठेवला. टाके पडलेल्या ओठांतून शब्द नीट फुटत नव्हते. ती एवढंच म्हणाली, "मी पुढं बसायची."

मग ताट उचलून मोरीत गेली. त्यानंतर कितीतरी दिवस ती अण्णांशी बोलली नाही. जेवायला वाढायची, डबा द्यायची, कपडे काढून ठेवायची, पण बोलायची नाही. मी तर त्यांच्याकडं बघायचंही टाळत होते. घर लहान होतं, त्यामुळं ते सोपं नव्हतं.

बेअरिंगचं काम मी हातात घेतलं, कारण दुसरं काय हातात घ्यावं कळत नव्हतं. व्हर्नियरनं, म्हणजे केसाएवढं माप घ्यायच्या पट्टीनं, दांडा मोजला, नळीच्या तोंडाची, बेअरिंग जिथं बसतं ती बैठक मोजली. बेअरिंग नसताना गाडी चालल्यामुळं बैठक घासून अंडाकृती झाली होती. खालच्या टोकाचं बेअरिंग होतं, पण त्यातल्या गोट्या फुटून नुसतं कडं उरलं होतं. त्या गाडीचं म्हणून बेअरिंग कुठल्याच दुकानात मिळालं नाही. मग दोन्ही टोकांसाठी मापाला जुळणारी, दुसऱ्याच कसल्यातरी यंत्रात वापरतात ती निवडली आणि वरची बैठक सारखी करून त्यात बसणारी रिंग ओळखीच्या लेथवाल्याकडून काढून घेतली. पहिली रिंग किंचित ढिली झाली. लेथवाला म्हणाला, "चालतंय की." मी परत पाठवली. चालतंय की, चालायचंच, कुणाला कळणार नाही. ही वाक्यं ऐकली की त्या दिवसांत मला नळीतला तो वास यायचा.

रविवारी मी गॅरेजमध्ये गेले तर अण्णा तिथं आधीच येऊन उभे होते. बसनं आले असावेत. कुणी बोलावलं नव्हतं. मिस्त्री म्हणाला, "पावणं मगापास्नं उभं हाईत. कोण म्हणायचं?"

"वडील," मी म्हटलं.

नळी अजून आतून साफ व्हायची होती. आत खोलवर त्या चिंध्यांचे तुकडे चिकटलेले होते, ग्रीस, अंडी, सगळं. मिस्त्री म्हणत होता, वरनं रॉकेल ओता, बास झालं. अण्णा पुढं आले. त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, रॉकेलचा डबा घेतला, जुन्या कापडाचा तुकडा काठीला गुंडाळला आणि नळी साफ करायला लागले. काठी पुरेना तिथं बोटं घातली. मनगटापर्यंत काळे झाले. एकदा त्यांना उबळ आली, तोंड बाजूला करून ते थांबले, परत लागले. मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण किळस गेली, असं झालं नाही. रॉकेलनं सुटते ती नळीतली घाण, बाकीची नव्हे, हे मला तेव्हाही माहीत होतं.

मिस्त्रीनं खालचं बेअरिंग बदललं, वर रिंग बसवली, तिथलं बेअरिंग लाकडी ठोकळ्यावरून हळूहळू ठोकत आत नेलं. दांडा घातला, चाक चढवलं, नट आवळला. मी दोन्ही हातांनी चाक धरून वर ओढलं, खाली दाबलं, कलंडवून बघितलं. जागचं हललं नाही. त्याच्या आधी ही गाडी मी एवढे महिने कशी चालवली, ह्या विचारानं माझ्या अंगावर काटा आला. अण्णा रॉकेलच्या फडक्यानं हात पुसत विचारत होते, "बसलं का घट्ट?"

"बसलं," मी म्हटलं. घरी जाताना ते पुढची आईची जागा रिकामी ठेवून मागच्या सीटवर बसले.

काका काही बदलले नाहीत. सगळ्या लग्नांत, बारशांत ते पुढची कितीतरी वर्षं सांगत राहिले, "माझी गाडी भावाला दिली, अजून घड्याळागत चालतीया." एका साखरपुड्यात ते असंच सांगत होते. आई पंगतीत वाढत होती. तिनं वाढपाचं भांडं खाली ठेवलं, ओठ बोटानं वर करून तुटलेला दात दाखवला आणि म्हणाली, "हे बी त्यांनीच दिलंय. फुकट." चारदोन लोक हसले, त्यांना कळलं नाही. काकींना कळलं. काका उठून नळाकडं गेले. अण्णा मान खाली घालून जेवत राहिले, पण भावाच्या पाठोपाठ उठले नाहीत. आधी उठायचे.

दोन हजार सालानंतर कारखान्यानं मला कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या नव्या शेडमध्ये पाठवलं आणि मी स्वतःची छोटी गाडी घेतली. तीही जुनीच होती. विकणाऱ्याला म्हटलं, स्टेअरिंग खोलून दाखवा. तो दुखावला. "ताई, विश्वास न्हाय का?"

"नाही," मी म्हटलं. त्यानं कुरकुरत खोलून दाखवलं. बेअरिंग जागेवर होतं.

मग जुनी गाडी काढायची ठरली. गडहिंग्लजकडचा एक माणूस बघायला आला. त्याला मुलीला गाडी शिकवायची होती. तो गाडीभोवती फिरला, आत बसला, स्टेअरिंग हलवून बघितलं, खूश झाला. मी व्यवहाराचं बोलणार, तेवढ्यात अण्णा पुढं आले.

"ह्या स्टेअरिंगमध्ये चामडं घातलेलं हुतं," ते म्हणाले. "आता बेअरिंग हाय, पण ते ह्या गाडीचं न्हवं, दुसऱ्याचं. मागचं डावं दार चालता चालता उघडतंय. हॉर्न पावसात वाजत न्हाय. खालचा पत्रा गंजलाय, पाय जाईल एखाद्या दिवशी. ब्रेक डावीकडं ओढतोय."

"पावणं," तो माणूस म्हणाला, "विकायची हाय का न्हाय गाडी?"

"पोरीला शिकवायची म्हणालासा," अण्णा म्हणाले. "तिला ह्यात बसवू नकासा."

माणूस माझ्याकडं बघायला लागला. मी खांदे उडवले. तो निघून गेला आणि गाडी पुढं भंगारवाल्याकडं वजनावर गेली. तो माणूस गेल्यावर अण्णा गाडीपाशीच उभे राहिले. आपण जास्त बोललो की काय, अशा चेहऱ्यानं माझ्याकडं बघत होते. आई दारातून म्हणाली, "चहा टाकलाय, या दोघं आत." दोघं म्हणाली ती; एरवी हाक फक्त मला असायची. आम्ही आत गेलो.